डिचोलीचे खाणहंगाम

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात खाणीचं वर्ष दिवाळीच्या आसपास उजाडायचं. पावसाळाभर खड्ड्यांत साचलेलं पाणी पंपांनी उपसलं जायचं. गॅरेजांतून ट्रक रंग देऊन बाहेर पडायचे, बोनेटवर झेंडूची माळ चढायची आणि आमोणे, नावेली, सारमानसच्या जेटींवर बार्ज लागायच्या. मेअखेर ढग दाटून आले, रस्त्यावरच्या लाल धुळीचा चिखल व्हायला लागला, की ट्रक उभे राहायचे आणि परगावची माणसं आपापल्या वाटेला लागायची.

हे वर्ष मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी लिंबागणेशचा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं, भालचंद्र गणपतीचं हे आमचं गाव. पाऊस बरा झाला तर कापूस, तूर, सोयाबीन पिकतं, नाहीतर दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या इतर गावांसारख्या आमच्याकडूनही ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात परत. माझ्याकडे जड वाहनाचं लायसन होतं म्हणून माझी वाट वेगळी झाली. टोळ्या पश्चिमेकडं निघायच्या तेव्हा मी सोलापूर, बेळगाव करत चोर्ला घाट उतरायचो आणि केरीवरून साखळीत पोहोचायचो. तिथं लोहखनिजाचे टिपर चालवायचे.

आता त्या पट्ट्याचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात खाणमालक असतात, न्यायालयं असतात, आंदोलक असतात, ‘खाण अवलंबित’ म्हणून नोंद झालेले गोवेकर असतात. घाटावरून हंगामापुरती आलेली माणसं त्यात नसतात. ती बाजू मी पाहिली आहे म्हणून लिहितो आहे. दुसरं कारण असं की, त्या पट्ट्याचं जे झालं ते माझ्या गावानं नीट ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

गोव्यातल्या खाणींची सुरुवात कागदावर झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज सरकारनं आपल्या वसाहतींसाठी खाणकायदा केला आणि त्याखाली गोव्यात परवाने द्यायला सुरुवात झाली. हे परवाने मुदतीचे नव्हते, जवळजवळ कायमचे होते. सरकारला किरकोळ शुल्क भरायचं आणि डोंगर आपल्या नावावर राखायचा. त्या वेळी डोंगराला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कुणाला त्याचं फार काही वाटलं नाही. बरेच परवाने वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिले.

गिऱ्हाईक आलं ते दुसरं महायुद्ध संपल्यावर. सुरुवातीचं काम सगळं हातानं. पहार, घमेली आणि डोक्यावरच्या पाट्या. वरचा जांभा फोडायचा, खालचं खनिज निवडायचं, बायकांच्या रांगांनी ते वाहून गाड्यांत आणि होड्यांत भरायचं. तेव्हाही मजूर मोठ्या संख्येनं घाटावरूनच यायचे. मग जपान उतरला. युद्धात होरपळलेल्या त्या देशाला पोलाद कारखाने पुन्हा उभे करायचे होते आणि त्यांना लोहखनिज हवं होतं. 1951 च्या सुमारास चौगुले यांच्या शिरगावच्या खाणीसाठी जपान्यांनी यंत्रसामग्री दिली आणि तिची परतफेड खनिजाच्या रूपानं करायची असं ठरलं. तिथून डोंगर यंत्रानं कापायला सुरुवात झाली. 1954 मध्ये इटालियन भांडवलातून सेसा गोवा उभी राहिली. धेंपे, साळगावकर, तिंबलो ही घराणी याच काळात मोठी झाली. 1955 मध्ये भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज राजवटीला बाहेरचं चलन मिळवून देणारा मुख्य आधार हेच खनिज होतं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. राज्यकर्ते बदलले, परवाने राहिले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक. बहुजन समाजाच्या गावागावांत मराठी शाळा नेणारा नेता म्हणून गोव्यात आजही त्यांचं नाव आदरानं घेतात. 1962 मध्ये चौगुल्यांनी ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू केलं, पुढं धेंप्यांनी ‘नवप्रभा’ काढलं. कॉलेजं, दवाखाने, फुटबॉलचे संघ खाणीच्या पैशावर उभे राहिले. साखळीच्या बसस्टँडवर चहा घेताना मी जो पेपर वाचायचो, तोही मुळात डोंगरातूनच निघालेला होता. खाणीनं गोव्याला काही दिलंच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. एका अख्ख्या पिढीचं शिक्षण त्यातून झालं.

आता खेप कशी व्हायची ते सांगतो, कारण त्या पट्ट्याचं जगणं खेपेच्या हिशेबावर चालायचं.

पहाटे अंधारातच ट्रक खाणीच्या फाटकाशी रांगेला लावायचे. रांगेत पुढचा नंबर मिळाला तर दिवसाच्या खेपा वाढतात. फाटक उघडलं की उताराच्या रस्त्यानं खड्ड्यात उतरायचं. तो खड्डा पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचे पाय थबकतात. पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेला डोंगर, वर पिवळट-तांबूस, मध्ये गुलाबी, खाली जांभळट काळा, आणि तळाशी हिरव्या पाण्याचं डबकं. पोकलेनवाला चार-सहा बकेटांत ट्रक भरतो. खनिज दिसायला मातीसारखं, पण वजनाला भयंकर. हौदा अर्धाही भरलेला दिसत नाही आणि स्प्रिंगा बसलेल्या असतात. तिथून वजनकाट्यावर. काट्यावरचा माणूस चिठ्ठी फाडून देतो. क्लीनर ताडपत्री ओढून दोर आवळतो. मग पाळी, नावेलीच्या वळणांवरून, घरांच्या ओसऱ्या घासत, जेटीपर्यंत. तिथं ढिगावर हौदा उलटायचा आणि रिकामा ट्रक पळवत परत. जेटीवरून खनिज बार्जमध्ये चढायचं, बार्ज मांडवीतून मुरगावला जायची आणि तिथं परदेशी जहाजात माल उतरवायची. पावसात आग्वादचं तोंड खवळलं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत निघायची वाट होती.

ट्रकमालकाला टन आणि किलोमीटरचा दर, ड्रायव्हरला खेपेमागं पैसे. त्यामुळं ड्रायव्हर पळवणारच. ज्यांची भातशेती खाणीच्या मातीनं बुजली, त्यांच्यापैकी पुष्कळांनी भरपाईच्या आशेनं ट्रक घेतले होते. म्हणजे शेत गेलं, त्या जागी बँकेचा हप्ता आला. माझा मालक असाच शेतकरी होता. तिथं मालकाला ‘पात्रांव’ म्हणतात. पात्रांवच्या घरामागं नारळी-पोफळीची बाग होती आणि दारात तुळशीवृंदावन. त्या तुळशीच्या पानांवर लाल धुळीचा थर असायचा. त्याची आई रोज सकाळी तांब्याभर पाण्यानं तुळस धुऊन मगच तिची पूजा करायची. ती धूळ आमच्याच चाकांची होती, पण ती माउली आम्हाला कधी वावगा शब्द बोलली नाही. सणाला आमच्या ताटात वाढलं.

2003 नंतर चीननं सगळा हिशेबच बदलून टाकला. गोव्याचं खनिज मुळात हलक्या प्रतीचं, लोहाचं प्रमाण कमी. जपानी लोक माल पारखून घ्यायचे. चीनला मात्र मिळेल ते खनिज हवं होतं. पूर्वी टाकाऊ म्हणून रचून ठेवलेले ढीगसुद्धा विकले जाऊ लागले. जागतिक बाजारात टनाचा भाव 2011 च्या सुरुवातीला 180 डॉलरच्या वर गेला. 2010-11 या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. त्यात काही वाटा कर्नाटकाच्या मालाचा होता, बाकी सगळं या चिमुकल्या राज्याच्या डोंगरांतून निघालेलं. रस्त्यावर ट्रकला ट्रक लागलेला असायचा. शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडायला वाट मिळत नसे. नवे ट्रक, नव्या बार्ज, सगळं कर्जावर. याच तेजीत, 2009 मध्ये, धेंप्यांनी आपला खाणव्यवसाय सेसाला विकला. सेसाची मालकी त्याआधीच, 2007 मध्ये, वेदांतकडं गेली होती.

याच तेजीनं गावांचं पाणी नेलं. लईराई देवीचं शिरगाव तीन बाजूंनी खाणींनी वेढलेलं. खड्ड्यांचे तळ समुद्रसपाटीच्या खाली गेले. खड्डा कोरडा ठेवायचा म्हणजे रात्रंदिवस पंप चालवायचे, आणि पंप चालले की शेजारच्या विहिरींचं पाणी खड्ड्याकडं ओढलं जाणार. जिथं वर्षाला तीनशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या गावात बायका टँकरची वाट बघत उभ्या असलेल्या मी पाहिल्या. आमच्या बीडचा पाऊस त्याच्या पाव हिश्श्यासारखा. टँकर आम्हाला ठाऊक होता, पण दुष्काळाशिवाय टँकर लागतो हे मला तिथं कळलं.

मोडायला सुरुवात झाली ती कागदावरूनच. पोर्तुगीज परवाने 1987 च्या केंद्रीय कायद्यानं रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. त्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 ला संपली. मुदत संपल्यावरही काम चालूच राहिलं, उलट वाढलं. केंद्र सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल 7 सप्टेंबर 2012 ला संसदेत मांडला गेला. त्यात बेकायदा उत्खननामुळं झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे 35 हजार कोटी रुपयांचा होता. तीनच दिवसांत राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं आणि गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 5 ऑक्टोबर 2012 ला उत्खनन आणि वाहतूक दोन्ही बंद केली.

तारीख पाहा. ऑक्टोबर. हंगाम उघडायच्या तोंडावर. मी गावाकडून निघून साखळीत पोहोचलो होतो. गॅरेजमध्ये रंग दिलेला ट्रक उभा होता, आणि तो तसाच उभा राहिला. आठवडाभर रोज कुणीतरी सांगायचं की दिवाळीनंतर सुटेल. मग घाटावरचे एकेक करून परतू लागले. बिहार-झारखंडचे पोकलेनवाले गेले, कर्नाटकातले ड्रायव्हर गेले, मीही निघालो. पात्रांवनं मागच्या हंगामातली बाकी चुकती केली, तीही कुठूनतरी उसनी आणून. त्याच्यावर ट्रकचं कर्ज होतं, माझ्यावर नव्हतं. तेवढ्या एका बाबतीत मी त्याच्यापेक्षा सुखी होतो.

आणि गावाकडं काय होतं? 2012 चा दुष्काळ. बीड, जालना, उस्मानाबादनं 1972 नंतर तसला दुष्काळ पाहिला नव्हता. चारा छावण्या लागल्या, लोक जनावरांसोबत छावणीत राहायला गेले. फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद पडलं. 1130 मेगावॉटचं केंद्र, मालगाड्यांनी येणारा कोळसा होता आणि पाणी नव्हतं. गोव्यात सरकारनं ट्रकमालकांसाठी, बार्जमालकांसाठी मदतीच्या योजना काढल्या आणि ते योग्यच झालं. पण घाटावरून आलेल्या माणसाचं नाव त्या कुठल्याच यादीत बसत नव्हतं. आम्ही ना तिथले रहिवासी, ना ट्रकचे मालक. हजेरीपटावरही नव्हतो. खेपेच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांवर ट्रकचा नंबर असायचा, ड्रायव्हरचं नाव नसायचं.

21 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी उठवली. निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि 2007 नंतरचं सगळं उत्खनन बेकायदा ठरवलं. प्रत्यक्ष काम 2015 च्या पावसाळ्यानंतर सुरू झालं, तोवर भाव कोसळून चाळीस डॉलरच्या घरात आला होता. मी एक हंगाम परत जाऊन पाहिला. रांगा होत्या, खेपा नव्हत्या. मग 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयानं राज्यानं नूतनीकरण केलेले 88 खाणपट्टे रद्द केले, आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या. जेटीवर साठलेला माल ई-लिलावानं अधूनमधून हलत राहिला, एवढंच.

दुसऱ्या बंदीनं पट्टा खऱ्या अर्थानं रिकामा झाला. टायरची दुकानं गेली, स्पेअर पार्टवाले गेले, उसगावच्या नाक्यावरच्या खानावळींची शटरं पडली. बार्ज भंगारात गेल्या. ट्रक गवतात उभे राहून गंजले आणि किलोच्या भावानं विकले गेले. पात्रांवनं ट्रक विकला तेव्हा कर्ज पुरतं फिटलं नाही. त्याच्या मुलानं किनारपट्टीवरच्या हॉटेलात नोकरी धरली. बुजलेली शेती मात्र परत आली नाही, कारण खनिज धुतल्यावर उरणारा बारीक गाळ भाताच्या खाचरात बसला की तिथं आवण रुजत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारनं पहिल्या चार खाणक्षेत्रांचा लिलाव केला आणि 2024 मध्ये डिचोलीच्या क्षेत्रात वेदांतनं काम सुरू केलं. म्हणजे खाण परत आली असं म्हणता येईल. पण ज्या जगण्याबद्दल मी लिहितो आहे ते परत आलेलं नाही. गावोगावचे हजारो लहान ट्रकमालक, हंगामाला येणारी-जाणारी माणसं, त्यांच्यावर चालणारा बाजार, हे सगळं दोन बंद्यांत विरून गेलं.

यावर पुष्कळ वर्षं विचार करून माझं एक मत झालं आहे. खाणपट्टा दरवर्षी दिवाळीला उघडत होता म्हणून तिथल्या सगळ्यांनी, मालकापासून क्लीनरपर्यंत, त्याला सुगी मानलं. सुगी गेली तरी पुढच्या वर्षी येते, या विश्वासावर कर्ज काढलं, घरं बांधली, शेतं सोडली. खनिजाचं पीक एकदाच निघतं. कोट्यवधी वर्षांत तयार झालेलं एक टन जेटीवर उतरलं की ते कायमचं गेलं. ते विकून आलेला पैसा ही कमाई नसते, ते घरातलं सोनं मोडणं असतं. आणि घरातलं सोनं मोडायचं तर त्यात पुढच्या पिढीचा वाटा आहे, हे धरूनच मोडलं पाहिजे.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. 2014 च्या निकालात न्यायालयानं खनिजविक्रीच्या रकमेतला दहा टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवायला सांगितला. नॉर्वेनं समुद्रातलं तेल विकताना 1990 मध्ये असाच निधी उभा केला आणि आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी एक आहे. तेल संपेल तेव्हा तिथल्या नातवंडांच्या हाती काहीतरी असेल. गोव्यात हे शहाणपण पन्नास-साठ वर्षं उशिरा आलं, तोवर उत्तम डोंगर जाऊन चुकले होते.

मी हे लिंबागणेशात बसून लिहितो आहे आणि शिवारात बोअरच्या गाडीचा आवाज येतो आहे. आमच्याकडं लोहखनिज नाही. पण पाचशे, सातशे, कुठं हजार फुटांपर्यंत भोक पाडून आम्ही जे पाणी काढतो, ते यंदाच्या पावसाचं नसतं. काळ्या पाषाणाच्या भेगांत फार जुन्या काळापासून मुरलेलं ते पाणी एकदा ओढलं की आमच्या हयातीत परत भरत नाही. म्हणजे आम्हीही खाणच चालवतो आहोत आणि तिला शेती म्हणतो आहोत. मोसंबीची बाग लावायला कर्ज काढतो तेव्हा आमचा पात्रांव झालेला असतो. राज्याचा भूजल कायदा 60 मीटरहून खोल विंधनविहिरीला मनाई करतो. गावात हे किती जणांना माहीत आहे? माहीत असलेल्यांनी तरी पाळलं आहे का?

माझी मागणी साधी आहे. ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडला जावा, जसा पैशाचा मांडतात तसा. यंदा किती मुरलं, किती उपसलं, हे फळ्यावर लिहिलं जावं. उपसा मुरण्यापेक्षा जास्त असेल तर नवं बोअर कुणाचंच होऊ नये, सरपंचाचंसुद्धा नाही. शिरगावला हे करता आलं नाही, कारण तिथले पंप कंपन्यांचे होते आणि निर्णय गावाबाहेर व्हायचे. आमचे पंप आमचेच आहेत. त्यामुळं उद्या विहिरी आटल्या तर बोट दाखवायला आमच्याकडं दुसरं कुणी नसेल, आणि थांबवायचं ठरवलं तर अडवायलाही कुणी नाही.